अंधाराचा दाखला

"ताई, ह्ये यंत्र कागदावर लिहून देतं का?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या खळ्याच्या मधोमध एक हात डोक्यावर सरळ धरून उभी होते. हातात आकाशाचा उजेड मोजणारा मीटर, पत्त्यांच्या जोडाएवढी काळी डबी. तिचं तोंड बरोबर डोक्यावरच्या आकाशाकडे करायचं, बटण दाबायचं आणि थांबायचं. शहरात हा मीटर बटणावरून बोट निघायच्या आत आकडा दाखवतो, कारण मोजायला उजेड भरपूर असतो. अंधार जितका चांगला तितका त्याला वेळ लागतो, कधीकधी मिनिटभर. त्या मिनिटात बाबा शेजारी तंबाखू मळत उभे होते आणि आम्ही दोघंही, का कोण जाणे, गप्प होतो. मग लाल आकडे उमटले. 21.3. मी खुशीत म्हटलं, "बाबा, तुमच्याकडे फार छान अंधार आहे." त्यांनी चिमूट दाढेखाली सारली आणि तो प्रश्न विचारला. माझ्या चेहऱ्याकडे बघून, किंवा चेहरा असेल त्या दिशेला बघून, पुढे म्हणाले, "न्हाई, म्हंजी हितं अंधार हाय आसं आकड्यात असलं, तर अर्जाला जोडता आलं असतं. पोलावर दिवा मागून तीन वर्सं झाली."

मी हसले. ते हसले नाहीत.

ही वाडी जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या अलीकडे. कार्तिकातली अमावस्या होती, भाताची झोडणी अर्धी उरकलेली. सारवलेल्या खळ्याला दिवसभराच्या उन्हाचा आणि पेंढ्याचा वास येत होता आणि थंडी अशी की मीटर धरलेली बोटं थोड्या वेळाने आपली वाटेनाशी झाली. आमच्यासाठी म्हणून बाबांच्या सुनेने दाराबाहेरचा बल्ब घालवला होता. टॉर्चला लाल जिलेटिन लावायचं, मोबाइल खिशाबाहेर काढायचा नाही, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्यायचा, या सगळ्या शिस्ती आम्ही शहरातून घेऊन आलो होतो. तिने त्या मुकाट पाळल्या. फक्त स्वतः दारातून हलली नाही. हातात काठी घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. श्रावणात बिबट्याने याच अंगणातून कुत्रं नेलं होतं. हे आम्हाला सकाळी कळलं.

रात्री मात्र आम्ही वर बघत होतो. मृग पूर्वेला पुरता चढून आला होता, त्याच्यामागे व्याध नुकताच डोंगरावर टेकलेला. कृत्तिकांचा पुंजका उंच. डोक्यावरून जरा उत्तरेला देवयानी, आणि तिच्यातला तो धुरकट डाग, म्हणजे आपल्या शेजारची दीर्घिका, जो शहरात दुर्बिणीतूनही समजावून सांगावा लागतो, तो इथे नुसत्या डोळ्यांना दिसत होता. 25 लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड खळ्यात पोचतो आणि कल्याणवरून निघालेला उजेडही पोचतो. दुसऱ्याची जात दांडगी. नाणेघाटाच्या कड्यावर जाऊन पश्चिमेला तोंड केलं की खाली कोकण काळोखात आणि त्याच्या पलीकडे क्षितिजावर नारिंगी-पांढुरकी कड, मुरबाडच्या मागे कल्याण, त्याच्या मागे मुंबई. दक्षिणेला चाकण आणि पुणे. माझं घर त्या दुसऱ्या उजेडात होतं, हे तिथे उभं राहिल्यावर एकदम लक्षात आलं. म्हणजे ज्याच्यापासून पळून आले होते त्यात माझाही एक दिवा होता.

आकड्यांची रीत उलटी आहे, ती बाबांना समजावताना माझीच तारांबळ उडाली. आकडा मोठा तर अंधार जास्त. हिपार्कसपासून ताऱ्यांच्या प्रती अशाच मोजत आले आहेत, ठळक तारा पहिल्या प्रतीचा आणि अंधूक सहाव्या. हा मीटर आकाशाच्या एवढ्याशा चौरसाला एक प्रत लावतो, जणू तो चौरसच एक तारा. माणसाचा दिवा नसलेलं, चंद्र नसलेलं आकाश साधारण 22 दाखवतं. त्याच्या पुढे सहसा जात नाही, कारण आकाश स्वतःही काळंकुट्ट नसतंच. वातावरणाचे वरचे थर मंद चमकत असतात, सूर्याभोवतीच्या धुळीचा राशिप्रकाश असतो, शिवाय तारे. माझ्या पुण्यातल्या गच्चीवर चांगल्या रात्री 17.8 येतो. फरक दिसायला साडेतीन, पण एका प्रतीचा फरक म्हणजे अडीचपट, तेव्हा साडेतीन म्हणजे सुमारे 25 पट. बाबांच्या डोक्यावरच्या आकाशाहून माझ्या डोक्यावरचं आकाश 25 पट उजळ. हे ऐकून ते म्हणाले, "मग बरं हाय की तुमचं."

मी डोंबिवलीत वाढले. कॉलेजात असताना खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमांना वांगणीला जायचे. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमाराला सुरू झालेली ती मंडळी आमच्या पिढीला आकाश दाखवत होती. कर्जत लोकलला सतरंजी आणि थर्मास घेऊन चढायचं, बदलापूर मागे पडलं की खिडकीबाहेर एकदम काही नसायचं, आणि त्या 'काही नसण्याचा' मला भयंकर आनंद व्हायचा. घरी खोटं सांगावं लागायचं नाही, हे विशेष. आकाश बघायला मुलगी रात्रभर बाहेर राहते हे आईला झेपत नसलं तरी 'अभ्यासाचं आहे' एवढ्यावर ती गप्प बसायची. वृश्चिकाचा आकडा पहिल्यांदा अख्खा पाहिला तो वांगणीत. पावसाळ्याच्या आधीच्या कोरड्या रात्री, आकाशगंगा उगवताना ढग आलेत असं वाटून कुणीतरी हळहळलं होतं. शिकवणारे दादा म्हणाले, "थांब जरा, हा ढग हलणार नाही." आता त्याच लाइनवर वन बीएचकेच्या जाहिराती दिसतात. त्या घरांत राहायला गेलेल्यांचा मला राग येत नाही. डोंबिवलीत आमचीही इमारत कुणाच्या तरी भातखाचरावरच उभी होती.

आणि तसं पाहिलं तर तेव्हाची डोंबिवलीही एवढी वाईट नव्हती. 1997 साली हेल-बॉपचा धूमकेतू आम्ही गच्चीतूनच पाहिला, वायव्येला, पाण्याच्या टाकीच्या वर, शेपटीसकट. शेजारच्या मावशी रोज पोळ्या झाल्या की वर येऊन बघून जायच्या. पुढे भारनियमनाची वर्षं आली. लोक त्या वर्षांबद्दल बोलताना अजूनही दात-ओठ खातात आणि ते बरोबरच आहे. माझ्या मावसभावाने दहावीचा अभ्यास मेणबत्तीवर केला, लहान दुकानदारांचे हाल झाले, इन्व्हर्टरवाल्यांचं फावलं. पण गावी आजोळी गेलं की संध्याकाळचे ते तास मला आवडायचे आणि आवडतात असं कुणाला सांगायची सोय नव्हती. दिवे गेले की आधी सगळीकडून एक 'हॅऽऽ' उठायचा, मग माणसं अंगणात, ओट्यावर, गच्चीवर यायची. गप्पा व्हायच्या. कुणीतरी वर बघायचंच. वीज आली की पुन्हा तोच 'हॅऽऽ', या वेळी आनंदाचा, आणि दोन मिनिटांत अंगणं रिकामी. मी एकटी थोडा वेळ मागे रेंगाळायची आणि मनातल्या मनात आणखी अर्धा तास मागायची. तीच मी आता जुन्नरच्या वाडीत अंधार छान आहे म्हणत होते. बाबांचा प्रश्न बोचला तो बहुधा इथे.

गेल्या दहाएक वर्षांत उजेडाचा रंगही बदलला. रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे गेले, 2015 पासून देशभर पांढरे एलईडी आले. वीज वाचली यात शंका नाही. मात्र पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो आणि हवा निळा उजेड जास्त विखुरते, दिवसा आभाळ निळं दिसतं त्याच कारणाने. गंमत अशी की पृथ्वीचे रात्रीचे दिवे मोजणाऱ्या नेहमीच्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला हा निळा भाग दिसतच नाही, तेव्हा वरून पाहता कुठेकुठे दिवे कमी झाल्यासारखे वाटतात आणि खालून पाहणाऱ्याला तारे कमी झालेले असतात. हे नक्की केलं ते साध्या माणसांच्या डोळ्यांनी. 'ग्लोब ॲट नाइट' या उपक्रमात लोकांनी आपल्याकडून एखाद्या नक्षत्रातले किती तारे दिसतात ते नकाशांशी ताडून कळवलं. 2011 ते 2022 मधली अशी 51 हजारांहून अधिक निरीक्षणं, त्यातली बरीचशी युरोप-अमेरिकेतली. आकाशाचा उजेड दरवर्षी सुमारे 9.6 टक्क्यांनी वाढतो आहे असा निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला. त्या हिशेबाने जिथे मूल जन्मलं तेव्हा 250 तारे दिसत होते, तिथे ते 18 वर्षांचं होईल तेव्हा 100 दिसतील. हा आकडा वाचला तेव्हा माझी भाची नऊ वर्षांची होती. मी नकळत भागाकार केला आणि सोडून दिला.

खरं तर मीटरशिवायही काम भागतं, आणि ते मला बाबांनी पहाटे शिकवलं. तीनच्या सुमाराला सप्तर्षी ईशान्येला वर आले होते. बाबा लघवीला उठले होते, आम्ही अजून जागेच आहोत हे बघून थांबले. "ते बाजलं," ते म्हणाले. "म्हातारीचं. आन् ते मागं तीन चोर." चार ताऱ्यांची बाज आणि शेपटीचे तीन ती पळवायला आलेले. विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्येही सप्तर्षींची बाज आणि तिच्यावर टपलेल्यांची गोष्ट आहे, मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी ती नोंदवून ठेवली आहे. जुन्नर कुठे, नागपूर कुठे. मी सवयीने क्रतू, पुलह, पुलस्त्य असं म्हणत होते आणि मग अत्रीवर थांबले. अत्री म्हणजे बाजेचा चोरांकडचा पाय. बाकीचे सहा तारे दुसऱ्या प्रतीच्या आसपासचे, हा एकटा तिसरीच्याही खालचा, 3.3. पुण्याच्या गच्चीतून धूळ असलेल्या रात्री तो दिसत नाही. म्हणजे शहरात म्हातारीच्या बाजेला तीनच पाय. वसिष्ठाशेजारची अरुंधती चौथ्या प्रतीची, ती तर शहरातून केव्हाच गेली. मागच्या वर्षी एका नात्यातल्या लग्नात गुरुजींनी नवरा-नवरीला अरुंधती दाखवायला लॉनच्या कडेला नेलं. वर डीजेच्या दिव्यांचे झोत फिरत होते. गुरुजींनी त्या झोतांच्या दिशेने बोट केलं, नवरीने मान डोलावली, फोटोवाल्याने तो क्षण पुन्हा करायला लावला. वर्षातल्या त्या महिन्यात, त्या वेळी, सप्तर्षी उगवलेलेच नव्हते. मी काही बोलले नाही. जेवणाची पंगत बसायची होती.

अंधार शोधत फिरणारे आम्ही आता पुष्कळ झालो आहोत. रात्रीच्या उजेडाचे नकाशे आहेत, त्यांत लाल-पिवळे डाग टाळत हिरवा, निळा, करडा शोधायचा. बॉर्टल नावाच्या अमेरिकन धूमकेतू-निरीक्षकाने 2001 साली आकाशाच्या नऊ इयत्ता ठरवून दिल्या. पहिलीत आकाशगंगेच्या उजेडाने सावली पडते, नववीत चंद्र, ग्रह आणि मोजके तारे. आमच्यातले काही लोक "बॉर्टल तीन मिळाला" असं म्हणतात, मासळीबाजारात सुरमई मिळाल्यासारखं. मीही म्हणते. धरणांच्या काठाने 'तारांगण कॅम्प' निघालेत, ज्यांच्या जाहिरातीत आकाशगंगा असते आणि जागेवर गेलं की तंबूंना चमचमत्या दिव्यांच्या माळा, शेकोटी आणि मोठा स्पीकर. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या हेडलाइट पूर्ण लावून काजव्यांच्या झाडापर्यंत जातात. काजव्याची मादी नराच्या लुकलुकीला उत्तर देते. हेडलाइटला ती काय उत्तर देणार?

पण काही ठिकाणी हे नीटही झालं आहे. लडाखमधल्या हानलेला, जिथे साडेचार हजार मीटर उंचीवर वेधशाळा आहे, तिथे 2022 साली अंधाराचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. गावातल्याच तरुण मुलामुलींना दुर्बिणी दिल्या, शिकवलं, आता ते पाहुण्यांना आकाश दाखवतात. आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी अशा लगतच्या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले. मला या बातमीतलं हेच आवडलं. तिथे गावकऱ्यांना दिवे काढायला सांगितलं नव्हतं. नुसती तोंडं फिरवली. जो उजेड वर जातो त्याच्यात ना कुणाला रस्ता दिसतो ना बिबट्या. अर्थात खाली पाडलेला उजेडही जमिनीवरून परतून थोडा वर जातोच. पेंचमध्ये वाघ आहे, वन खातं आहे, येणारे पर्यटक आहेत, म्हणून तिथे हे करायला कुणीतरी होतं. नाणेघाटाच्या वाडीत कोण आहे?

सकाळी चुलीवरचा चहा घेताना बाबांनी वही आणि बॉलपेन आणून माझ्यासमोर ठेवलं. रात्रीचा विषय त्यांनी सोडलेला नव्हता. मी लिहायला बसले. मा. सरपंच साहेब यांस, विषय: वाडीतील खांबावर दिवा बसविणेबाबत. बिबट्याचा वावर, साप, शाळेची मुलं, गोठा, सगळं लिहिलं. मग पेन अडलं. दिवा लागल्यावर या खळ्यावर 21.3 येणार नाही, हे मला माहीत होतं आणि तरीही अर्ज मीच लिहीत होते. शेवटी मी जोडलं, दिव्यास वरून टोपण असावे, प्रकाश फक्त खाली पडावा, दिवा पिवळसर असावा. मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "ताई, येवढं लिवलं तर म्हणतील ह्यांचे लईच नखरे. पिवळं-बिवळं काढा. मिळंल त्यो घ्यायचा." मी खोडलं. टोपणाचंही खोडायला गेले तर सुनेने आतून थांबवलं. "टोपण ऱ्हाऊ द्या, पावसाचं पानी जात न्हाई." नाणेघाटाचा पाऊस बघता तो मुद्दा माझ्यापेक्षा भारी होता. आणि मग बाबांच्या आग्रहाने शेवटची ओळ: दि. अमुक रोजी रात्री यंत्राने मोजले असता सदर ठिकाणी 21.3 इतका अंधार आढळून आला. खाली माझी सही, पदवी आणि फोन नंबर. असला दाखला देणारी महाराष्ट्रात मीच पहिली असेन.

अजून फोन आलेला नाही.

पुण्यात परतल्यावर मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत फाटकावरच्या फ्लडलाइटचा विषय काढला. सीसीटीव्हीला हवा म्हणून बसवलेला, पण निम्मा उजेड दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये आणि उरलेला समोरच्या गुलमोहरात. तासभर चर्चा झाली. सुरक्षा, वीजबिल, मागच्या वर्षीची सायकलचोरी, मग अचानक पार्किंग. तारे हा शब्द मी मुद्दाम उच्चारला नाही. शेवटी वॉचमनदादांना बोलावलं. ते म्हणाले, तो दिवा डोळ्यांवर येतो, फाटकात कोण उभं आहे ते दिसत नाही, नुसता आकार दिसतो. त्यावर सगळे एकदम गप्प झाले आणि ठराव मंजूर. इलेक्ट्रिशियनने शिडी लावून दिवा खाली वाकवला, वर पत्र्याची झाप बसवली. त्या रात्री मी मीटर घेऊन गच्चीवर गेले. 17.8. एका सोसायटीच्या एका दिव्याने शहराच्या आकड्यावर काय होणार, हे माहीत असूनही दोनदा मोजलं. खाली काकूंनी कित्येक महिन्यांनी खिडकीचा पडदा उघडा ठेवला होता. समोरच्या मंगल कार्यालयात मात्र कुणाच्या तरी संगीताचे झोत ढगांवर फिरत होते, आणि त्यांचा सेक्रेटरी कोण ते शोधायला हवं.